छोट्या ट्रॅक्टरची वायरिंग : आधी जोड पाहा, मग भाग बदला



उसातील आंतरमशागतीला छोटा ट्रॅक्टर फार सोयीचा. मित्सुबिशी शक्ती एमटी १८० डी हा १८.५ अश्वशक्तीचा, तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर त्यातलाच. अशी यंत्रे जुनी झाली, की इंजिन ठणठणीत असते, पण सकाळी चावी फिरवावी तर नुसता ‘कट्’ असा आवाज! मग आपण नवी बॅटरी आणतो, तरी रड तीच. आमचे सांगणे एवढेच, की असा बिघाड पुष्कळदा महागड्या भागात नसून जोडात असतो.

असे का होते? सेल्फ फिरताना शंभर अँपिअर किंवा त्याहून जास्त करंट ओढतो. गंजलेल्या एका जोडात ०.०२ ओहम इतका अडथळा आला, तरी शंभर अँपिअरला १२ पैकी २ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. दिव्यांना करंट थोडा लागतो, म्हणून दिवे लागतात आणि सेल्फ मात्र फिरत नाही. अशा वेळी पुढील क्रमाने पाहावे.

१) बॅटरी : काही तास उभ्या ट्रॅक्टरवर मीटरने १२.६ व्होल्टच्या आसपास दिसावेत. १२ च्या खाली असेल तर आधी चार्जिंग करा. आपल्या खानदेशी उन्हात बॅटरीतले पाणी लवकर आटते. झाकणे असलेल्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, अ‍ॅसिड नको. जवळ विडी-काडी पेटवू नका, बॅटरीतून निघणारा वायू भडकतो.

२) टर्मिनल व अर्थ : आधी निगेटिव्ह वायर सोडा, लावताना ती शेवटी लावा. टर्मिनलवरचा पांढरट-हिरवट थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, पण ते पाणी बॅटरीत जाऊ देऊ नका. अर्थची पट्टी जिथे लोखंडाला बसते, तिथला रंग व गंज खरवडून बोल्ट घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलिन लावा.

३) सेल्फ : चावी फिरवल्यावर ‘कट्’ सुद्धा होत नसेल, तर फ्यूज, चावीचा स्विच आणि असल्यास क्लच किंवा न्यूट्रलचा सेफ्टी स्विच पाहा. पान्ह्याने सेल्फचे टर्मिनल जोडून ट्रॅक्टर चालू करण्याची खोड मात्र सोडा. तो गिअरमध्ये असला, तर जमिनीवर उभ्या माणसाच्या अंगावरून जातो.

४) चार्जिंग : इंजिनाचा वेग वाढवला, की बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसावेत. आकडा १२.५ वरच राहिला, तर आधी पट्टा ढिला आहे का ते पाहा, मग अल्टरनेटरची वायर.

५) फ्यूज : उडालेल्या फ्यूजच्या जागी तार गुंडाळू नका. फ्यूज का उडाला ते शोधा. हंगाम नसताना उभ्या ट्रॅक्टरची वायर उंदीर कुरतडतात. तारेचा फ्यूज उडत नाही, वायरच तापून पेटते. आणि खाली वाळलेले पाचट असते, हे विसरू नका.

आता सर्वांत महत्त्वाचे. ट्रॉलीचे मागचे दिवे कधी मंद, कधी बंद होतात, कारण त्यांचा अर्थ हुकाच्या गंजलेल्या पिनेतून जातो. ट्रॅक्टरच्या चेसिसपासून ट्रॉलीपर्यंत अर्थची वेगळी वायर ओढली, की हा त्रास बहुधा मिटतो. पारोळा–एरंडोल–जळगाव हा राष्ट्रीय महामार्ग (पूर्वीचा क्रमांक ६, आताचा ५३) रात्रंदिवस वाहता असतो. उसाने भरलेली अंधारी ट्रॉली मागच्या मोटारसायकलवाल्याला जवळ येईपर्यंत दिसत नाही. एका वायरीच्या आळसापायी कोणाच्या घरचा दिवा विझू नये.

म्हणून तोडणीची पाळी येण्याआधी एक सकाळ ट्रॅक्टरला द्या. मागचे दिवे लावून स्वतः मागे जाऊन पाहा, लाल रिफ्लेक्टर पुसा, आणि मगच ट्रॉली जोडा.