पांगणे आणि पांगवणे

भाद्रपदातल्या एका संध्याकाळी लवळ्याला पाऊस ओसरला आणि पूर्वेला इंद्रधनुष्य उमटले. खाली अंगणात एक कोंबडी पायांनी माती उकरून दाणे शोधत होती. या दोन दृश्यांना एकच शब्द जोडतो, हे मला पुढे त्या शब्दाची घडण पाहताना उमगले.

पांढऱ्या प्रकाशातले रंग वेगळे होणे म्हणजे ‘अपस्करण’. ‘अप’ हा उपसर्ग आणि विखुरणे या अर्थाचा ‘कॄ’ हा धातू. मग मधला ‘स्’ कुठला? त्यासाठी पाणिनीचे स्वतंत्र सूत्र आहे : चौपायी जनावर किंवा पक्षी जमीन उकरतो, त्या अर्थी हा ‘स्’ येतो. काशिकावृत्तीने दिलेल्या उदाहरणांत भक्ष्य शोधणारा कोंबडा आहे!

विज्ञानातले विखुरणे शिस्तीचे असते. पाण्याच्या थेंबात जांभळा प्रकाश तांबड्यापेक्षा अधिक वळतो. म्हणून धनुष्यात तांबडा रंग सुमारे ४२ अंशांवर, तर जांभळा सुमारे ४० अंशांवर दिसतो. शिवाय ते उलटवता येते. वेगळे झालेले रंग भिंगाने एकत्र आणून पुन्हा पांढरा प्रकाश मिळवल्याचे न्यूटनने १६७२च्या लेखात सांगितले आहे.

संख्याशास्त्रात विखुरणे मोजतात ते सरासरीने काय झाकले हे कळावे म्हणून. मुळशी तालुक्यातच पाहा. ताम्हिणीकडे पाऊस अक्षरशः कोसळतो; पूर्वेला पुण्याकडे यावे तसा तो झपाट्याने उतरतो. पुणे शहरात तर वर्षाला जेमतेम ७०० मिलिमीटरच्या आसपास. दोन्हींची सरासरी काढली, तर ती ना ताम्हिणीच्या भातखाचराची, ना लवळ्याच्या माळाची.

बोलीत मात्र आपण ‘पांगणे’ म्हणतो. ढग पांगतात, गर्दी पांगते, भावंडे पोटामागे पांगतात. इथे भिंग नसते. पांगलेले पुन्हा तसेच जुळेल याची हमी नसते. पण बोलीपाशी एक गोष्ट आहे, जी शास्त्राच्या नामात नाही. ‘पांगणे’च्या शेजारी तिने ‘पांगवणे’ ठेवले आहे. पांगवणारा कोणीतरी असतो.

हा फरक याच तालुक्याने सोसला आहे. टाटांच्या जलविद्युत प्रकल्पासाठी मुळशीचे धरण ठरले, तेव्हा १९२१ साली इथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापटांना लोक ‘सेनापती’ म्हणू लागले ते या लढ्यामुळे. तरीही धरण झाले. पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजघराकडे वळले, गावे बुडाली आणि माणसे मिळेल तिथे गेली.

‘गावे पांगली’ असे लिहिले की ही गोष्ट ढग पांगण्याइतकी नैसर्गिक वाटते. प्रकाशाच्या बाबतीत कर्ता विचारायचे कारण नाही; पाणी आणि तरंगलांबी एवढे उत्तर पुरते. माणसांच्या बाबतीत ते पुरत नाही. म्हणून त्या गावांविषयी लिहिताना मी ‘पांगली’ खोडतो आणि ‘पांगवली’ लिहितो. एका ‘व’ने वाक्य कर्ता मागू लागते.