सेमीट्रेलर मालधक्क्यास लावणे

सेमीट्रेलर मालधक्क्यास लावणे : मोठा मालवाहू सेमीट्रेलर त्याच्या कर्षकासह उलट दिशेने चालवून गोदामाच्या किंवा कारखान्याच्या मालधक्क्याशी पाठीमागून नेमका भिडविण्याची क्रिया. जड वाहनांच्या चालकास शिकाव्या लागणाऱ्या कौशल्यांपैकी हे सर्वांत अवघड मानले जाते. हमरस्त्यावर शेकडो किमी. वाहन सुरळीत नेणारा नवशिका चालकही अखेरच्या तीस मीटरांत अडतो. याचे कारण त्याच्या धैर्यात वा दृष्टीत नसून जोडवाहनाच्या गतीच्या स्वरूपात आहे. पुढे जाताना ट्रेलर आपोआप सरळ होत जातो. मागे जाताना तो आपोआप वाकडा होत जातो. या क्रियेचे सारे शिक्षण या एका गोष्टीभोवती फिरते.

रचना : सेमीट्रेलरला पुढची चाके नसतात. त्याचा पुढील भार कर्षकाच्या मागील आसांवर बसविलेल्या सपाट, खाचेच्या पोलादी तबकडीवर टेकलेला असतो. या तबकडीस ‘पाचवे चाक’ म्हणतात. ट्रेलरच्या तळाशी असलेली जाड पोलादी खुंटी (किंगपिन) या खाचेत अडकते आणि तिच्याभोवती ट्रेलर डावीउजवीकडे वळू शकतो. कर्षकास भारतातील वाहतूक व्यवसायात ‘घोडा’ म्हणतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत प्रचलित असलेला मोठा सेमीट्रेलर १६·१५ मी. लांब व २·५९ मी. रुंद असतो. कर्षकासह पूर्ण जोडणीची लांबी २० मी.हून अधिक भरते. तेथील आंतरराज्य महामार्गांवर मालासह एकूण वजनाची सर्वसाधारण मर्यादा सु. ३६ टन आहे.

मालधक्का म्हणजे ट्रेलरच्या तळाच्या उंचीचा, जमिनीपासून सु. १·२ मी. उंच असलेला ओटा होय. त्याच्या कडेला रबराचे जाड ठोकळे बसविलेले असतात. ट्रेलरची मागील कड या ठोकळ्यांना टेकली म्हणजे मधली फट पोलादी पट्टीने झाकतात आणि उचलगाड्या गोदामातून थेट ट्रेलरमध्ये ये-जा करू लागतात. ट्रेलर तिरका लागल्यास एका बाजूला फट राहते, पट्टी नीट बसत नाही आणि उचलगाडीचे चाक अडकण्याचा संभव असतो. म्हणून केवळ ‘जवळ’ लावणे पुरेसे नसते. सरळ व मध्यावर लावणे आवश्यक असते.

इतिहास : अमेरिकेत ऑगस्ट फ्रूहॉफ या डिट्रॉइट येथील लोहाराने १९१४ मध्ये एका लाकूड व्यापाऱ्याची नौका वाहून नेण्यासाठी मोटारगाडीला जोडावयाचा सेमीट्रेलर तयार केला. पुढे त्याच व्यापाऱ्याने लाकूड वाहण्यासाठी तसेच ट्रेलर मागविले आणि त्यांतून ट्रेलर बांधणीचा मोठा उद्योग उभा राहिला. ट्रेलर सोडून ठेवता येत असल्यामुळे माल चढविण्या-उतरविण्याच्या वेळात कर्षक दुसऱ्या कामास मोकळा राहतो, हा या जोडणीचा मुख्य फायदा होता. १९५६ मध्ये माल्कम मॅक्लीन यांनी नूअर्क ते ह्यूस्टन अशी ५८ पेट्यांची सागरी वाहतूक केली. त्यानंतर प्रमाणित पेट्यांची वाहतूक जगभर पसरली आणि त्या पेट्या बंदरातून आत नेण्यासाठी सेमीट्रेलर सर्वत्र रूढ झाले.

ट्रेलरांची लांबी वाढत गेली, परंतु जुनी गोदामे होती तेथेच राहिली. १९८२ च्या संघीय कायद्यामुळे अमेरिकेतील सर्व राज्यांना राष्ट्रीय मार्गजालावर १४·६३ मी. लांबीच्या ट्रेलरांना मुभा द्यावी लागली. त्याच सुमारास २·५९ मी. रुंदीही मान्य झाली आणि पुढे १६·१५ मी. लांबी सर्वसाधारण ठरली. मध्यवस्तीतील अनेक मालधक्के मात्र त्यापूर्वीच्या आखूड वाहनांच्या हिशेबाने बांधलेले होते. आजच्या चालकास जी जागा अरुंद वाटते, ती बहुधा बांधणाऱ्याच्या दृष्टीने प्रशस्त होती.

उलट चालनाची यामिकी : कर्षक सरळ पुढे जात असता ट्रेलर त्याच्याशी काही कोन करून असेल, तर खुंटीवरील ओढीमुळे हा कोन घटत जातो. खुंटीपासून ट्रेलरच्या मागील आसापर्यंतचे अंतर १२ मी. धरल्यास तेवढे अंतर पुढे गेल्यावर लहान कोन मूळच्या एक-तृतीयांशाहून थोडा अधिक एवढाच उरतो. मागे जाताना याच्या उलट घडते. कर्षक सरळ ठेवून १२ मी. मागे गेल्यास मूळचा कोन सु. पावणेतीनपट होतो. सुरुवातीस २ अंशांचा, डोळ्यांस क्वचितच जाणवणारा वाकडेपणा असेल, तर तो १२ मी. अंतरावर ५ अंशांहून अधिक आणि २४ मी. अंतरावर सु. १५ अंश होतो. तळहातावर उभी काठी तोलताना जो प्रकार होतो तोच येथे होतो : काठी कलू लागताच हात हलविला तर ती सावरते, कलल्यानंतर हलविला तर पडते.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक, दुरुस्ती लहान आणि लवकर करावी लागते. दोन, कोन हाताबाहेर गेल्यास मागे जात राहून तो सुधारण्यासाठी बरीच जागा लागते व ती मालधक्क्यासमोर बहुधा नसते. अशा वेळी थोडे पुढे जाणे हाच उपाय असतो, कारण पुढे जाताना ट्रेलर स्वतःच सरळ होतो. कोन फारच वाढला, तर वाहन चाकूच्या पात्यासारखे दुमडते आणि कर्षकाचा कोपरा ट्रेलरच्या अंगावर आदळतो. ट्रेलर जितका आखूड तितका तो लवकर वळतो व लवकर बिघडतो. त्यामुळे जीपगाडीमागचा छोटा ट्रेलर मागे घेणे हे लांब सेमीट्रेलरपेक्षा काही बाबतींत अधिक कठीण असते, ही गोष्ट अननुभवी माणसास विपरीत वाटते.

सुकाणूचक्राचा परिणामही उलटा होतो. ट्रेलरचे मागील टोक डावीकडे न्यावयाचे असेल, तर चक्र प्रथम उजवीकडे फिरवावे लागते. ट्रेलर वळू लागला, की चक्र डावीकडे आणून कर्षकाने त्याचा पाठलाग करावा लागतो. चक्र फिरविणे आणि ट्रेलर वळणे यांत विलंब असतो. नवशिका चालक परिणाम दिसत नाही म्हणून चक्र आणखी फिरवितो आणि परिणाम दिसू लागतो तेव्हा तो हवा त्याच्या दुप्पट झालेला असतो. मग उलट दिशेने तशीच अतिशयोक्ती होऊन वाहनाचा मार्ग नागमोडी बनतो. यासाठी हात चक्राच्या तळाशी धरण्यास शिकवितात : ट्रेलर ज्या बाजूस न्यावयाचा त्या बाजूस तळाचा हात सरकवावयाचा, म्हणजे उलटसुलट हिशेब करावा लागत नाही.

शिक्षणक्रम : अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने व्यापारी वाहनचालकांसाठी देशभर समान किमान निकष ठरविण्यात आले आणि १ एप्रिल १९९२ पासून अशा चालकांना त्यांनुसार दिलेला परवाना बाळगणे आवश्यक झाले. ७ फेब्रुवारी २०२२ पासून नवोदितांना परीक्षेपूर्वी नोंदणीकृत संस्थेत प्रशिक्षण घेणे बंधनकारक आहे. त्यात सरळ मागे घेणे, शेजारच्या पट्ट्यात सरकवून मागे घेणे, काटकोनात वा तिरके वळवून धक्क्यास लावणे आणि दोन्ही बाजूंनी समांतर उभे करणे यांचा समावेश होतो. या सरावासाठी तासांची किमान संख्या ठरविलेली नाही. चालक निपुण झाला असे प्रशिक्षकास वाटेपर्यंत तो चालतो. मोकळ्या पटांगणात रबरी शंकू मांडून गल्ली आखतात आणि प्रथम सरळ मागे घेणे पक्के करून घेतात. जो सरळ रेषा राखू शकत नाही त्यास वळण साधत नाही, असा या क्रमामागील अनुभव आहे.

परीक्षेत पुढे जाऊन दुरुस्ती करण्यास आणि खाली उतरून पाहण्यास मर्यादित मुभा असते. त्याहून अधिक वेळा केल्यास गुण जातात. प्रत्यक्ष कामात मात्र अशी मर्यादा नसते. परीक्षेची ही सवय कामावर घेऊन जाणारा आणि पुन्हा पुढे जाण्यात कमीपणा मानणारा चालकच अपघातास अधिक जवळ असतो. दहा वेळा पुढेमागे करून बिनचूक लावलेला ट्रेलर हा एका झटक्यात लावून भिंतीस घासलेल्या ट्रेलरपेक्षा केव्हाही चांगला.

धक्क्यास लावण्याची रीत : अरुंद जागेतील यश बहुतांशी मागे जाण्यापूर्वीच ठरते. चालक प्रथम वाहन थांबवून खाली उतरतो व खांब, दिव्यांच्या तारा, छताची पुढे आलेली कड, जमिनीवरील खड्डे व लोखंडी कचरा, शेजारी उभी असलेली वाहने यांची पाहणी करतो. ट्रेलरची मागील दारे उघडून बाजूंना अडकविणे याच वेळी उरकावे लागते. विसर पडल्यास धक्क्यास लावलेला ट्रेलर पुन्हा पुढे काढावा लागतो.

चालकाचे आसन डावीकडे असलेल्या देशांत धक्के डाव्या हातास ठेवून वाहन त्यांच्या रांगेला समांतर, थोडे अंतर राखून पुढे नेतात. इच्छित दार ओलांडल्यावर कर्षक उजवीकडे वळवून ट्रेलरचे मागील टोक दाराकडे रोखले जाईल असा कोन करतात. मग अगदी सावकाश मागे येत ट्रेलर डावीकडे वळवितात. या रीतीत ट्रेलरची संपूर्ण बाजू चालकाच्या खिडकीतून व डाव्या आरशातून दिसत राहते. उलट बाजूस वळविल्यास ट्रेलरची आतील बाजू उजव्या आरशातूनही नाहीशी होते व चालक अक्षरशः आंधळा होतो. म्हणून ते शक्य तेवढे टाळतात. ट्रेलर मागील आसांभोवती वळत असल्यामुळे नजर त्याच्या शेवटच्या टोकापेक्षा मागील चाकांवर ठेवावी लागते. याच वेळी कर्षकाचे नाक विरुद्ध बाजूस मोठा पल्ला घेते, हे विसरल्यास समोरच्या वाहनास धक्का बसतो.

शेजारशेजारच्या दारांच्या मध्यांतील अंतर अनेक ठिकाणी सु. ३·६६ मी. असते. दोन्ही बाजूंस ट्रेलर उभे असल्यास नव्या ट्रेलरला प्रत्येक बाजूस जेमतेम एक मीटर मोकळीक मिळते. अशा फटीत शिरण्यापूर्वीच ट्रेलर सरळ झालेला असावा लागतो. शिरल्यानंतर दुरुस्तीस जागा नसते. धक्क्याकडे उतार असलेल्या जागी ट्रेलर मागे कलतो आणि तळ ठोकळ्यास टेकण्यापूर्वी छताची कड भिंतीस लागू शकते. फारच आखूड आवारांत धक्के करवतीच्या दातांप्रमाणे तिरके बांधून वळण कमी करतात. अमेरिकी ट्रेलरांत मागील आसांचा संच पुढे सरकविण्याची सोय असते. तो पुढे आणल्यास ट्रेलर आखूड असल्यासारखा चटकन वळतो, मात्र त्याचे मागील टोकही अधिक झोकांडते.

धोके व दक्षता : ट्रेलरच्या थेट मागील भाग कोणत्याही आरशात दिसत नाही. ट्रेलर व धक्का यांमध्ये सापडलेला माणूस वाहन अगदी चालीच्या वेगाने येत असले तरी चिरडला जातो आणि चालकास त्याची जाणीवही होत नाही. म्हणून मागे मदतनीस उभा करावयाचा झाल्यास त्याच्या व चालकाच्या खुणा आधी ठरलेल्या असाव्या लागतात, ‘थांबा’ ही खूण निःसंदिग्ध असावी लागते आणि तो आरशातून दिसेनासा होताच वाहन थांबवावे लागते. शंका येताच थांबून, उतरून पाहणे हा सर्व नियमांचा गाभा आहे. मदतनीस असला तरी जबाबदारी चालकाचीच राहते. माल भरताना ट्रेलर पुढे सरकू नये म्हणून ब्रेक लावून चाकांखाली पाचरी ठेवतात. उचलगाडी ट्रेलरमध्ये जाणार असल्यास अमेरिकी सुरक्षा नियमांनुसार हे आवश्यक आहे.

घाई हे अपघाताचे मोठे कारण होय आणि तिचे मूळ पुष्कळदा व्यवसायाच्या रचनेत असते. अमेरिकेत अनेक चालकांना कापलेल्या अंतरावर वेतन मिळते. धक्क्यापाशी गेलेला वेळ त्यांच्या दृष्टीने बिनमोबदल्याचा ठरतो. त्यात रस्ता अडलेला, मागे वाहनांचे भोंगे आणि धक्क्यावर पाहणारी माणसे. अशा वेळी एक मिनिट खर्चून खाली उतरणे ही शिकण्याची शेवटची व सर्वांत उपयुक्त पायरी ठरते.

यांत्रिक साहाय्य : मागील बाजूचे कॅमेरे व अडथळा सूचित करणारे संवेदक यांमुळे अंध क्षेत्र घटले आहे, पण नाहीसे झालेले नाही. नियंत्रणशास्त्रात या समस्येस वेगळेच महत्त्व आले. स्टॅनफर्ड विद्यापीठातील डेरिक न्वेन व बर्नार्ड विड्रो यांनी १९९० च्या सुमारास संगणकीय प्रतिमानातील ट्रेलर मालधक्क्यास लावण्यास कृत्रिम चेताजालाला शिकविले. त्यांनीही धक्क्याजवळच्या, जवळजवळ सरळ स्थितीपासून आरंभ करून पाठ क्रमाने अवघड केले. पटांगणातील प्रशिक्षकाचा क्रमही साधारण असाच असतो.

भारतातील स्थिती : मुंबईजवळ न्हावा शेवा येथील बंदर १९८९ मध्ये सुरू झाल्यावर पेटीवाहू ट्रेलरांची वर्दळ रायगड व ठाणे जिल्ह्यांत वाढली. भिवंडी परिसरात गोदामांची मोठी वसाहत उभी राहिली. भारतात चालक उजवीकडे बसत असल्यामुळे वर सांगितलेली रीत आरशातील प्रतिबिंबाप्रमाणे उलटते : धक्का उजव्या हातास ठेवून ट्रेलर उजवीकडे वळविणे सोयीचे ठरते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील चालनपरीक्षेत मर्यादित जागेत उजवीकडे वा डावीकडे वाहन नियंत्रणपूर्वक मागे घेणे समाविष्ट आहे. पुष्कळ वाहनांवर क्लीनर असतो; तो मागे उभा राहून हाक देतो व गाडीच्या अंगावर थाप मारून थांबण्याची खूण करतो. ही पद्धत उपयुक्त असली, तरी गोंगाटात हाक ऐकू न येणे आणि क्लीनर स्वतःच ट्रेलर व भिंत यांमध्ये उभा राहणे हे तिचे दोष आहेत. अनेक गोदामांत उंच धक्के नसून माथाडी कामगार पाठीवर माल वाहतात, त्यामुळे मागे येणाऱ्या वाहनाच्या वाटेत माणसांची उपस्थिती अधिक असते. अशा ठिकाणी चालकाचे कौशल्य ट्रेलर किती चटकन लागला यापेक्षा तो कितीदा वेळीच थांबला यावरून मोजणे योग्य होय.