मोत्याला कोण सांभाळील?

वसुबारसेला गाय-वासराची पूजा करून आपण दिवाळीला आरंभ करतो. तीन वर्षांपूर्वी त्याच संध्याकाळी मी पणती लावीत होते, तोच शेजारची सून मागच्या दाराने आत आली. ओठ फुटलेला.

"काकू, माझं सोडा. पण काल त्यांनी मोत्याला जिन्यावरून लाथाडलं. म्हणाले, 'तू उंबरठा ओलांडून बघ, मग हा जिवंत राहायचा नाही.'"

मोत्या म्हणजे तिचा गावठी कुत्रा. मी मोठ्या शहाणपणाने म्हटले, "अगं, कुत्र्यासाठी का कुणी मार खात राहतं?"

तिने माझ्याकडे नुसते पाहिले. मूलबाळ नाही, माहेर तुटलेले. त्या घरात तिच्या पायाशी येऊन बसणारा तेवढाच एक जीव. माझी मलाच लाज वाटली.

बाईला निवारागृहात जागा मिळाली; कुत्र्याला मिळेना. शेवटी मोत्याला आधी माझ्या बहिणीच्या गावी पोचवला. शेजारीच ठेवला असता तर नवऱ्याला सापडला असता. त्याच रात्री तिने घर सोडले. बरोबर कागदपत्रे होती आणि मोत्याच्या लशीची वहीही. पशुवैद्याच्या दप्तरी मालक म्हणून तिचेच नाव होते, ते पुढे फार उपयोगी पडले.

2005च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात प्राण्यांचा उल्लेख नाही. तरी संरक्षण-आदेशात न्यायदंडाधिकारी विशिष्ट कृत्यांना मनाई करू शकतात. म्हणून जनावराला दिलेली धमकी अर्जात अवश्य लिहावी. 2023मध्ये वांद्र्याच्या न्यायालयाने याच कायद्याखाली एका पत्नीला अंतरिम पोटगी देताना तिच्या तीन कुत्र्यांचा विचार केला. अमेरिकेतील मेन राज्याने तर 2006मध्येच संरक्षण-आदेशात पाळीव प्राण्यांना स्थान दिले.

मदतीसाठी 181 हा महिलांचा दूरध्वनी आहे, संरक्षण अधिकारी आहेत. पण चार महिने कुत्रा सांभाळायला अधिकारी येत नाही. तिथे तुम्ही-आम्हीच हवे.

चार महिन्यांनी तिने खोली घेतली. मोत्याने तिला पाहिले मात्र, साखळीसकट धावला! ती रडत होती आणि तो तिचे तोंड चाटत होता.

वाचकहो, अशी एखादी बाई तुमच्या दारी आली, तर माझ्यासारखे शहाणपण शिकवू नका. एवढेच विचारा : "घरी मुकं जनावर आहे का गं? त्याला मी ठेवते."