लेखांक ५ : हात बसला, हे कोण ठरवणार?

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतला एकच टप्पा आज जवळून पाहू, कारण नवखा डॉक्टर तिथेच अडखळतो. डोळ्यातल्या भिंगाभोवती पारदर्शक पिशवी असते. तिच्या पुढच्या पडद्याला सुमारे पाच मिलिमीटर व्यासाचं गोल भोक पाडायचं असतं. ते कापून होत नाही. चिमट्याने टोक धरून पडदा गोलाकार फाडत न्यावा लागतो. ओढ जराशी चुकली की फाट कडेकडे पळते, आणि मग ती आवरणं कठीण. हा पडदा केसापेक्षाही पातळ असतो.

जर्मनीत तयार झालेल्या ‘आयसी’ या सिम्युलेटरवर हेच करून पाहता येतं. टेबलावर कृत्रिम डोकं, त्यात यांत्रिक डोळा. शिकाऊ डॉक्टर मायक्रोस्कोपला डोळे लावून बसतो, पायांखाली पेडल असतात. अवजारं खरं तर रिकाम्या जागेत फिरत असतात, पण त्याला समोर बाहुली, भिंग आणि फाटत चाललेला पडदा दिसतो. हात किती थरथरला, नको तिथे टोक लागलं का, भोक किती गोल झालं, हे यंत्र टिपत राहतं आणि शेवटी शंभरपैकी गुण देतं.

पण यंत्राने गुण दिले म्हणजे कौशल्य मोजलं गेलं, असं मी मानत नाही. कोपनहेगनमधल्या संशोधकांनीही ते गृहीत धरलं नाही. त्यांनी मुरलेले सर्जन आणि शिकाऊ डॉक्टर अशा दोघांनाही यंत्रावर बसवलं. २०१५ साली त्यांनी निष्कर्ष मांडले : यंत्रावरच्या सरावाच्या तपासलेल्या तेरा प्रकारांपैकी फक्त सातांत अनुभवी हात वेगळा ओळखू येत होता. उरलेले सहा त्यांनी परीक्षेतून काढून टाकले. सातांचे मिळून ७०० गुण, उत्तीर्ण होण्यासाठी ६००. मला या अभ्यासात सर्वांत मोलाची वाटते ती ही गाळणी. सराव म्हणून उपयोगी असलेला प्रत्येक खेळ परीक्षा म्हणून चालतोच असं नाही.

पुढचा प्रश्न ऑपरेशन थिएटरमधला : यंत्रावरचा सराव तिथे उपयोगी पडतो का? २०१७ साली त्याच गटाने १८ सर्जनांच्या खऱ्या शस्त्रक्रियांचे व्हिडिओ, कोणाचे ते न सांगता, परीक्षकांना दाखवले. यंत्रावरच्या प्रशिक्षणानंतर अगदी नवख्यांचे गुण ३२ टक्क्यांनी, तर ७५ पेक्षा कमी शस्त्रक्रिया केलेल्यांचे ३८ टक्क्यांनी वाढले. मुरलेल्यांना मात्र फारसा फायदा झाला नाही. ब्रिटनमध्ये पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या प्रशिक्षणार्थींच्या हातून पिशवीचा मागचा पडदा फाटण्याचं प्रमाण २००९ मध्ये ४.२ टक्के होतं, ते २०१५ मध्ये २.६ टक्क्यांवर आलं. याच काळात तिथे सिम्युलेटर पसरत होते. सगळं श्रेय यंत्रालाच, असं मात्र छातीठोकपणे म्हणता येणार नाही.

आपल्याकडे अजून एक गोष्ट आहे. वरची परीक्षा ‘फेको’ची, म्हणजे यंत्राच्या ध्वनिलहरींनी भिंग फोडून काढण्याच्या पद्धतीची. तिच्या बरोबरीने इथे छोट्या छेदाची, विनायंत्र शस्त्रक्रियाही मोठ्या प्रमाणावर होते. या विनायंत्र शस्त्रक्रियेत डोळ्याच्या पांढऱ्या भागातून बोगदा कोरावा लागतो. फेकोवर मिळवलेले गुण त्या बोगद्याबद्दल काही सांगत नाहीत. म्हणून ‘हेल्पमीसी’ या संस्थेने त्यासाठी, हाताला स्पर्श जाणवेल असा, वेगळा सिम्युलेटर बनवला. मुंबईतही त्यांचं प्रशिक्षण चालतं. आपल्याकडे डॉक्टरांचे पहिले हात बहुतेकदा सरकारी आणि धर्मादाय रुग्णालयांतल्या गरीब रुग्णांच्या डोळ्यांवर चालतात. तो पहिला छेद घेण्याआधी अशी परीक्षा सक्तीची असावी, असं माझं स्पष्ट मत आहे.