पवित्र शास्त्र कोणत्या हेतूनें वाचावें?

विद्येचा उपयोग दोन प्रकारांनीं होतो. विद्येच्या बळावर कोणी दुसऱ्याच्या डोक्यावर चढून बसतो, तर कोणी दुसऱ्याला हात देऊन वर घेतो. बायबलाच्या वाचनासही हाच नियम लागू आहे. किती अध्याय वाचले व किती वचनें पाठ झालीं, यापेक्षां पुस्तक कोणत्या हेतूनें उघडलें, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. आणि त्याचें उत्तर बायबलांतच मिळतें.

अरण्यांत ख्रिस्ताची परीक्षा पाहणाऱ्या सैतानानेंही शास्त्रवचनाचाच आधार घेतला, असें मत्तयाच्या शुभवर्तमानांत सांगितलें आहे. तेव्हां वचन मुखोद्गत असणें ही कांहीं भक्तीची खूण नव्हे. लूकाच्या शुभवर्तमानांतील परूशी धर्मशास्त्र जाणणारा होता. परंतु मंदिरांत उभा राहून त्यानें आपल्या उपासांचा हिशेब मांडला व दूर उभ्या असलेल्या जकातदारास तुच्छ लेखिलें. याच्या उलट, प्रेषितांच्या कृत्यांत कूश देशच्या राणीच्या खजिनदाराची गोष्ट आहे. तो रथांत बसून यशयाचें पुस्तक वाचीत होता. वाचलेलें समजतें काय, असें फिलिप्पानें विचारतांच, कोणी सांगितल्यावांचून आपणांस उमज पडत नाहीं, हें त्यानें मोकळेपणानें कबूल केलें, आणि त्या अनोळखी वाटसरूस आपल्या शेजारीं बसवून घेतलें. एवढ्या मोठ्या अधिकाऱ्यास विद्यार्थी होण्यांत कमीपणा वाटला नाहीं. नम्र वाचन तें हेंच.

निःस्वार्थ वाचनाचें उदाहरण आपल्या महाराष्ट्रांतच आहे. पंडिता रमाबाई यांना त्यांच्या संस्कृत विद्वत्तेबद्दल १८७८ सालीं कलकत्त्यास ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ अशा पदव्या मिळाल्या. पुढें १८९६-९७ च्या दुष्काळांत निराधार झालेल्या अनेक मुलींस त्यांनीं आश्रय दिला, आणि पुणें जिल्ह्यांतील केडगांव येथें मुक्तिसदन उभें राहिलें. मराठी बायबल त्यापूर्वींच छापलेलें होतें. परंतु त्याची संस्कृतप्रचुर भाषा साध्या बायकांना कठीण जाते, असें बाईंना दिसून आलें. म्हणून त्यांनीं इब्री व ग्रीक या मूळ भाषांचा अभ्यास करून सोप्या मराठींत नवें भाषांतर करण्यास आयुष्याचीं अखेरचीं वर्षें वाहिलीं. विद्वत्ता मिरवावयाची असती, तर भारदस्त शब्दांची त्यांच्यापाशीं वाण नव्हती. परंतु नुकतीच अक्षरओळख झालेल्या बाईस समजेल तोच शब्द त्यांनीं शोधला. मुक्तिसदनाच्या छापखान्यांत तेथील स्त्रियांनींच छपाईचें काम केलें. ५ एप्रिल १९२२ रोजीं बाई निवर्तल्या. संपूर्ण बायबल प्रसिद्ध झालें तें १९२४ सालीं. त्याचें कौतुक ऐकावयास त्या राहिल्या नाहींत. ग्रंथ मात्र ज्यांच्यासाठीं होता त्यांच्या हातीं पडला.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या नंदुरबार जिल्ह्यांत हा प्रश्न दूरचा नाहीं. नवापूर, तळोदें, अक्कलकुवा, धडगांव या भागांतील कित्येक मुलांच्या घरीं मावची, भिली किंवा पावरी बोलतात. इतरत्र अहिराणी बोलतात. पुष्कळ घरांत पुस्तक वाचणारें पहिलें माणूस म्हणजे शाळेंत जाणारें मूलच होय. अशा मुलानें घरीं कठीण मराठी शब्द खडखडीत वाचून दाखविले, तर आजी कौतुकानें पाहील. पण तिला मिळालें काय? तेंच वचन तो तिच्या बोलींत सांगूं लागला, म्हणजे आपणांस तें कितपत समजलें आहे, हें त्याचें त्यालाच कळून येईल.

शिवाय, सांगतां सांगतां तोच शिकेल. पेरणाऱ्याचा दाखला आजीला सांगून पाहावा. खडकाळ जमिनींत बीं लवकर कां उगवतें आणि उन्हानें कां करपतें, हें सातपुड्याच्या उतारावर जन्मभर ज्वारी पेरलेल्या बाईस आपल्यापेक्षां अधिक ठाऊक असतें. त्या वेळीं पुस्तक मांडीवर ठेवून तिचें ऐकावें.

बक्षिसासाठीं वचनें पाठ करण्यांत पाप नाहीं. परंतु बक्षीस मिळाल्यावर पुस्तक मिटलें, तर तें वाचन बक्षिसापुरतेंच होतें. दुसऱ्याचा दोष दाखविण्यासाठीं वचन शोधणें तर त्याहून वाईट. वाचण्यापूर्वीं क्षणभर थांबून मनास दोन प्रश्न विचारावे: यांत मला स्वतःला काय सुधारावयाचें आहे? आणि आज हें कोणाच्या उपयोगीं पडेल? कोणत्याही धर्माच्या मुलानें आपला धर्मग्रंथ उघडतांना हेच प्रश्न विचारले, तरी त्याचें कल्याणच होईल.

पालकांसही एक विनंति आहे. मुलानें किती पानें वाचलीं, हें अवश्य विचारावें. पण वाचल्यापासून तो धाकट्या भावंडांशीं, गड्याशीं व शेजाऱ्याशीं कसा वागतो, हेंही पाहावें. वाचनाची खरी परीक्षा तेथेंच होते.