तापलेलें इंजिन आणि उतावळा हात

बैलाचें दुखणें वेळीं ओळखणें हें जसें शेतकऱ्याचें काम, तसेंच आतां यंत्राचें दुखणें ओळखणेंही त्याच्याच कपाळीं आलें आहे. आमच्या उतावळेपणाचा भुर्दंड इतरांस पडूं नये, म्हणून हा अनुभव वाचकांपुढें ठेवीत आहों.

सन २०२२ च्या ऑक्टोबरांत ट्रॅक्टरवर सोयाबीनची मळणी चालू होती. उष्णतेचा कांटा तांबड्या खुणेवर गेलेला पुतण्यानें दाखविला. पण थोडाच माल उरला होता, म्हणून आम्हीं काम थांबविलें नाहीं. पुढें वाफ उसळली. घाईनें झांकण फिरवितांच पुतण्याचा हात भाजला, आणि गड्यानें विहिरीचें गार पाणी तसेंच आंत ओतलें.

यांत दोन चुका झाल्या. साधें पाणी १०० अंश सेंटिग्रेडला उकळतें. परंतु रेडिएटरचें झांकण दाब धरून ठेवतें, म्हणून आंतील पाणी ११० अंशांवरही उकळत नाहीं. झांकण सैल होतांच दाब उतरतो व तेंच पाणी एकदम उकळून बाहेर फेकलें जातें. शिवाय तापलेल्या बिडावर गार पाणी पडलें कीं तें एकीकडे आकसतें व त्यास चीर जाते.

तालुक्याच्या एका गॅरेजांत नवें गॅस्केट बसवून ट्रॅक्टर परत मिळाला. पंधरा दिवसांत तो पुन्हा तापला, व तेलांत पाणी उतरून तें दुधाळ झालें. दुसऱ्या एका वृद्ध मिस्त्रीनें हेड उतरवून दाबाखालीं तपासलें, तेव्हां चीर सांपडली. मग त्यानें रेडिएटरकडे बोट दाखविलें. त्याच्या जाळीचीं छिद्रें भुशानें लिंपून गेलीं होतीं! मूळ रोग तेथें होता, आणि त्याकडे कोणींच पाहिलें नव्हतें. सन १९०१ च्या मर्सिडीज मोटारीसाठीं विल्हेल्म मायबाख यांनीं मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला, तो पुष्कळ पृष्ठभागावरून वारा खेळावा म्हणून. वाराच कोंडला तर पाणी निवणार कसें?

तेव्हां इंजिन तापल्यास प्रथम त्यावरील भार काढावा. पाणी शाबूत असल्यास कांहीं मिनिटें मंद चालवावें. वाफ निघत असल्यास किंवा पाणी गळून गेलें असल्यास तत्काळ बंद करावें. हात लावण्याइतकें निवेपर्यंत झांकणास शिवूं नये. मग जाड फडकें धरून तें हळूहळू फिरवावें.

नंतर कारण शोधावें: गळती, जाळीतील भुसा, पंख्याचा सैल पट्टा, पाण्याचा पंप, आणि थर्मोस्टॅट. थर्मोस्टॅट तापत्या पाण्यांत टांगून तो उघडतो कीं नाहीं तें घरींही पाहतां येतें. पांढरा धूर, दुधाळ तेल किंवा रेडिएटरांत सतत बुडबुडे दिसल्यास इंजिन चालवूं नये. हेड उतरविल्यावर सरळ पट्टीनें त्याची सपाटी आणि दाबानें त्याची चीर, दोन्ही आपल्यासमोर तपासून घ्यावीं. बोल्ट मध्यापासून बाहेर, टप्प्याटप्प्यानें, टॉर्क पान्ह्यानेंच आंवळावे. तेल व त्याचा फिल्टर बदलावा.

बोअरच्या जड पाण्यानें आंत खार सांचतो. त्याऐवजीं कूलंट व शुद्ध पाणी योग्य प्रमाणांत घालावें. मळणीच्या दिवसांत जाळी रोज, पंख्याच्या बाजूनें हवा मारून साफ करावी.

त्या वर्षीं ट्रॅक्टर हातीं आला तोंवर जमिनीची ओल उडाली होती, आणि आमचा हरभरा विरळ उगवला. पुतण्याच्या हातावरचा व्रण अजून आहे. मळणी तासभर थांबली असती तर दोन्ही टळलें असतें.