साउंडर वाजला, पण कुठल्या पाण्यावर?

पुण्याच्या पेठेतल्या जुन्या वाड्यात आड मोजायला आलेला भूवैज्ञानिक आधी विचारतो, “सकाळपासून मोटर लावलीत का?” लावली असेल तर थांबायचं. उपशाने खाली गेलेलं पाणी पूर्ववत वर येईपर्यंत मोजण्यात अर्थ नाही. मग साउंडरची फीत आत सोडायची. तिच्या टोकाला दोन इलेक्ट्रोड असतात. ते पाण्याला टेकले की वर रिळात बीप वाजतो. समजा 5.3 मीटर आले. त्यातून कठड्याचे 0.8 वजा, कारण हिशेब जमिनीपासूनचा. उरले 4.5.

नवशिका नेमका कठडा विसरतो.

नुसत्या खोलीवरून पाणी कुठून कुठे जातंय ते कळत नाही. वेताळ टेकडीच्या उतारावरचे 10 मीटर आणि मुठेकाठचे 10 मीटर एक नव्हेत. म्हणून प्रत्येक जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची घेऊन तीतून खोली वजा करतात. जमीन 560 मीटरवर असेल तर आडातलं पाणी 555.5 वर. सारख्या उंचीचे बिंदू जोडत गेलं की कागदावर पाण्याचा उतार उमटतो.

खरी गंमत यापुढे आहे. पुण्याखाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर एकावर एक बसलेत. काही थर सच्छिद्र, काही नुसता काळा कातळ. त्यात भेग सापडली तरच पाणी. त्यामुळे एका सोसायटीची तीनशे फुटी बोअर कोरडी आणि शेजारच्या विहिरीत पंधरा फुटांवर पाणी, हे सहज घडतं. बोअरमध्ये पाणी असलं, तरी ते या विहिरीचंच असेल असं नाही. दोन वेगळ्या थरांचे आकडे एकाच रेषेत ओवले तर नकाशा देखणा होतो आणि खोटाही. संगणक तो बिनदिक्कत काढून देतो.

“आमच्याकडे दोनशे फुटांवर पाणी लागलं,” असं सेक्रेटरी ठामपणे सांगतात. पण ती झाली पाणी लागल्याची खोली. दाबाखालचं पाणी त्याच भोकात चढून पन्नास फुटांवर उभं राहू शकतं. उलटही होतं. केसिंग सहसा वरच्या मुरमापुरतंच असतं, त्याखाली भोक उघडं. वरच्या थरातलं पाणी त्यातून खाली कोसळतं. तोंडाशी कान नेला तर धार ऐकूही येते. अशा वेळी साउंडर वीस मीटरवरच वाजतो, खरी पातळी असते साठवर. जाणकार माणूस तुटक बीपवर विश्वास ठेवत नाही, तो सलग वाजेपर्यंत फीत सोडत राहतो. ती धार म्हणजे शेजारच्या विहिरीचं पाणी असण्याचीही शक्यता असते, हे मात्र सोसायटीच्या सभेत कुणी काढत नाही.

म्हणून उथळ आणि खोल पाण्याचे नकाशे वेगळे, आणि प्रत्येकावर तारीख. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यातल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजते. मे महिन्यातली आणि पावसाळ्यानंतरची पातळी शेजारी ठेवल्याशिवाय पाऊस किती मुरला ते उमगत नाही. शहरात अडचण वेगळीच: बहुतेक बोअरचं तोंड पंप बसवताना असं बंद केलेलं असतं की फीत आत जायला फटच नाही. पंप उतरवतानाच फितीपुरती बारीक नळी सोबत सोडली, तर पुढची कित्येक वर्षं झाकण न उघडता मोजता येतं.